प्रथिनांचा नकाशा काढणारे रामचंद्रन

विहिरीवरचा दोर तुम्ही पाहिला असेल. त्याचा एकेक पेड सहज तुटेल. पण तीन पेड एकमेकांभोवती पिळले, की तोच दोर पाण्याने भरलेली घागर वर खेचतो. असाच तीन पेडांचा दोर तुमच्या शरीरातही आहे. त्वचेला आणि हाडांना बळकटी देणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन याच आकाराचे असते. हा आकार ओळखणारे भारतीय शास्त्रज्ञ म्हणजे गोपालसमुद्रम नारायणन रामचंद्रन.

रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी केरळातील एर्नाकुलम येथे झाला. त्यांचे वडील गणिताचे प्राध्यापक होते. १९४२ मध्ये रामचंद्रन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकी शिकायला गेले. तेथे सर सी. व्ही. रामन यांनी त्यांची हुशारी हेरली आणि त्यांना भौतिकशास्त्राकडे वळवले. पुढे केंब्रिज येथे संशोधन करून ते मायदेशी परतले. १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठात ते भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख झाले.

त्याच वर्षी बर्नाल हे इंग्लंडमधील शास्त्रज्ञ मद्रासला आले. कोलॅजेनची रचना अजून कोणालाच नीट उलगडलेली नाही, हे रामचंद्रन यांना त्यांच्याकडून कळले. मद्रासला चामड्यावर संशोधन करणारी संस्था होती आणि चामडे म्हणजे बहुतांशी कोलॅजेनच. रामचंद्रन व त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने कोलॅजेनचा अभ्यास केला. १९५४ मध्ये त्यांनी तीन पेडांची रचना जगापुढे मांडली. कोलॅजेनमध्ये दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते. असे का, तेही या रचनेमुळे समजले. तीन पेडांच्या मधोमध इतकी थोडी जागा असते, की तेथे दुसरे अमिनो आम्ल नीट मावतच नाही.

परंतु क्रिक आणि रिच या नामवंत शास्त्रज्ञांनी या रचनेवर आक्षेप घेतला. तिच्यात काही अणू फारच जवळ आले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे तीन पेडांची मूळ कल्पना टिकली. बारकाव्यांत मात्र दुरुस्ती झाली.

तुम्ही रामचंद्रन यांच्या जागी असता, तर काय केले असते? रागावला असता की खचून गेला असता? रामचंद्रन यांनी त्या आक्षेपातूनच नवा प्रश्न शोधला. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? याची मोजमापे त्यांनी अनेक शोधनिबंधांतून गोळा केली.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. साखळीच्या प्रत्येक दुव्यापाशी दोन ठिकाणी वळण घेता येते. ही वळणे किती अंशांची, यावर प्रथिनाचा आकार ठरतो. पण प्रत्येक वळण शक्य नसते. काही वळणांत अणूंची एकमेकांशी टक्कर होते. रामकृष्णन आणि शशिशेखरन या सहकाऱ्यांसह रामचंद्रन यांनी एक कोन आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला. शक्य असलेल्या वळणांची जागा त्यात अगदी थोडी निघाली. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा आलेख रामचंद्रन आलेख म्हणून जगभर ओळखला जातो.

त्याचा आज काय उपयोग? प्रथिनाचा आकार कळला, की त्याच्या कामाचा अंदाज करता येतो. त्यासाठी खास सॉफ्टवेअर आहेत. ती नव्या प्रथिनाचा आकार ओळखीच्या प्रथिनांशी ताडून पाहतात. दुसरा रेणू जेथे बसू शकेल असे खळगे शोधतात. पण मुळात आकारच चुकला असेल, तर कामाचा अंदाजही चुकणार. म्हणून आकार आधी तपासावा लागतो. १९९३ साली आलेल्या प्रोचेक या सॉफ्टवेअरमध्ये रामचंद्रन आलेख ही एक मुख्य कसोटी होती. आजही ही कसोटी लावली जाते.

पुढे बंगलोरला परतून रामचंद्रन यांनी रेणवीय जीवभौतिकीचा विभाग उभारला. १९७७ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, उद्या कोणी तुमच्या उत्तरातली चूक दाखवली, तर वही मिटू नका. त्या चुकीपाशी थोडे थांबा. रामचंद्रन यांचा नकाशा अशाच एका आक्षेपातून जन्माला आला.