सायकलच्या दुकानापासून नांगराच्या कारखान्यापर्यंत: लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर गाव कसं वसवलं?

पुण्याहून मिरजेकडे रेल्वेने निघालं की सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन लागतं. पूर्वी त्याचं नाव होतं कुंडल रोड. एका घराण्याचं आडनाव गावाला आणि स्टेशनलाही मिळालं ते तिथल्या कारखान्यामुळे. आणि या कारखान्याचं मूळ शोधत गेलं की आपण पोहोचतो बेळगावातल्या एका सायकलच्या दुकानात.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, पण चित्रं काढायची आणि यंत्रं खोलून बघायची भारी हौस. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं की त्यांना काही रंगांमधला फरक ओळखता येत नाही. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं. मग त्यांनी यांत्रिक आरेखन शिकून घेतलं आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवू लागले.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. तेव्हा सायकल ही श्रीमंतांच्या चैनीची वस्तू होती. किंमत 700 ते 1,000 रुपयांच्या घरात. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे, रामूअण्णा तिथे त्या विकायचे. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात 1888 सालची मानतो, ती याच धंद्यापासून.

पण नुसती सायकल विकून भागत नव्हतं. गिऱ्हाईकाला ती चालवता यायची नाही, म्हणून 15 रुपये घेऊन शिकवावंही लागायचं. बिघडली तर बेळगावात दुसरं कोण नीट करणार? म्हणून दुरुस्तीही दुकानातच. यंत्र विकलं की ते चालतं ठेवायची जबाबदारीही आपलीच, हा धडा इथे मिळाला आणि पुढे आयुष्यभर कामी आला.

मुंबईत हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. दुकानाला जोडून छोटा कारखाना सुरू झाला. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर.

नांगराने मात्र घाम काढला. लोखंडाने जमिनीत विष पसरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामागे व्यवहाराचीही अडचण होतीच. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा आणि मोडला तर तोच नीट करून द्यायचा. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर जायचं कुठे? विलायती नांगर बाजारात होते, पण त्यांचे सुटे भाग बोटीने यायचे. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. देशातच नांगर घडवणारा आणि त्याचा फाळही पुरवणारा कारखाना शेतकऱ्याला किती सोयीचा, हे पटायला वेळ लागला.

धंदा बसतोय तोवर दुसरं संकट आलं. बेळगावची वस्ती वाढत होती, कारखान्याला जागा सोडावी लागली. त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंध संस्थानात बांधकामाचं काम होतं. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना त्यांची अडचण कळली. त्यांनी संस्थानातल्या कुंडलजवळची 32 एकर जमीन देऊ केली आणि 10,000 रुपयांचं कर्जही.

जमीन म्हणजे खडकाळ माळ. निवडुंग माजलेला, नाग-साप निघायचे, पाण्याची टंचाई. जमेची बाजू एकच, रेल्वे स्टेशन जवळ. मार्च 1910 मध्ये लक्ष्मणराव मोजके कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन तिथे आले. झोपड्या, विहिरी, मग घरं, शाळा असं गाव उभं राहत गेलं. 1920 मध्ये तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणं अवघड झालं आणि देशी नांगराला मागणी वाढली, पण ओतायला लोखंडच मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी निकामी झालेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले.

पुढे पंप आले, इंजिनं आली. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून परतला आणि त्याने कारभार वाढवला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. त्याआधी औंध संस्थान विलीन झालं होतं आणि किर्लोस्करवाडी दक्षिण सातारा जिल्ह्यात आली होती. 1960 मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं.

त्यांच्या जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, टपाल खात्याने तिकीट काढलं. आणि जिथे सायकली विकल्या, दुरुस्त केल्या, त्या बेळगावातल्या रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.