फोर्ट विल्यमचे मराठी अध्यापक : विल्यम कॅरी

कोलकात्याच्या मैदानालगतचा फोर्ट विल्यम आता विजय दुर्ग या नावाने ओळखला जातो. भारतीय सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेल्या या किल्ल्याचे नामांतर २०२४ च्या अखेरीस झाले आणि त्याच्या एका दरवाजास शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. ज्या नगरीने १७४२ साली मराठ्यांच्या धास्तीने आपल्याभोवती खंदक खणावयास घेतला, तेथे हे घडावे याचे आम्हा मराठीजनांस कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. परंतु फोर्ट विल्यमच्या नावाशी मराठीचे नाते त्याहून पुष्कळ जुने आहे. ते जोडले एका इंग्रज चर्मकाराने.

विल्यम कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यात झाला. जोडे शिवता शिवता ते लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकले आणि बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले. हा पंथ राजमान्य चर्चच्या बाहेरचा. अशा पंथीयांस त्या काळी इंग्लंडात सरकारी अधिकारपदे कायद्याने बंद होती. ते निर्बंध १८२८ पर्यंत उठले नाहीत. राजसत्तेने एका पंथास जवळ केले म्हणजे इतरांच्या वाट्यास काय येते, हे कॅरी यांस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

१७९३ साली ते हिंदुस्थानास निघाले, तेव्हा कंपनी सरकारचा परवाना त्यांस मिळाला नाही. मिशनऱ्यांमुळे प्रजा बिथरेल आणि व्यापार बुडेल, ही कंपनीची भीती. अखेर एका डॅनिश जहाजातून ते नोव्हेंबरात कलकत्त्यास उतरले. पुढे माल्द्याकडे मदनावती येथे निळीच्या कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून त्यांनी काही वर्षे काढली. तेथेच त्यांचा लहानगा पीटर गेला आणि त्या धक्क्याने पत्नी डोरोथीचे मन कायमचे भ्रमिष्ट झाले. १८०७ साली त्या निवर्तल्या. तोवरची सारी ग्रंथरचना या दुःखाच्या शेजारी बसून झाली आहे, हे चरित्रकार पुष्कळदा एका वाक्यात उरकतात. आम्हांस ते योग्य वाटत नाही.

१८०० च्या जानेवारीत कॅरी श्रीरामपुरास आले. तेथे डेन्मार्कचे राज्य, म्हणून कंपनीचा हात पोहोचत नव्हता. मार्शमन आणि वॉर्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी छापखाना काढला. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी कंपनीच्या तरुण नोकरांस देशी भाषा शिकविण्यासाठी फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. बंगाली कोण शिकविणार, असा प्रश्न उभा राहताच ज्यास सरकारने परवाना नाकारला होता त्यासच बोलवावे लागले! मात्र कॉलेजचे प्रोव्होस्ट राजमान्य चर्चचे धर्मगुरू असावेत आणि प्राध्यापकही त्याच चर्चचे असावेत, असा दंडक होता. म्हणून १८०१ साली कॅरी यांची नेमणूक प्राध्यापक म्हणून न होता अध्यापक म्हणून झाली; वेतन दरमहा ५०० रुपये. बंगाली, संस्कृत आणि पुढे मराठी असे तीन विषय त्यांच्याकडे होते. प्राध्यापकपद मिळावयास १८०७ उजाडले, तेव्हा वेतन १,००० झाले. ही रक्कम बहुतांशी मिशनच्या सामाईक तिजोरीत जाई.

मराठीसाठी त्यांच्या हाताशी पंडित वैजनाथ कानफाडे होते. १८०५ साली मराठी व्याकरण आणि १८१० साली मोडी लिपीतील शब्दांचा मराठी-इंग्रजी कोश श्रीरामपुरी छापला गेला. पाठोपाठ वैजनाथ पंडितांची सिंहासन बत्तिशी, हितोपदेश, राजा प्रतापादित्याचे चरित्र ही पुस्तके निघाली. ती मराठी आज वाचताना पावलोपावली ठेच लागते, हे खरे. परंतु मुंबई-पुण्यास छापील मराठी पुस्तक दुर्मिळ असता ती हुगळीकाठी निघत होती.

इकडे सरकारचे धोरण दोलायमान होते. १८०६ च्या वेलोरच्या बंडानंतर मिशनऱ्यांच्या प्रचारावर बंधने आली. १८०७ साली श्रीरामपूरच्या एका फारसी पत्रकात इस्लामविषयी अनुदार मजकूर निघाला, तेव्हा लॉर्ड मिंटो यांनी छापखानाच कलकत्त्यास हलविण्याचा हुकूम काढला. कॅरी आणि मार्शमन समक्ष भेटून आले. हुकूम मागे घेतला गेला, पण प्रचारपत्रके आधी सरकारास दाखविण्याची अट राहिली. सरकारी चाकरीत आयुष्य गेलेल्या आम्हांस कॅरी यांची ती अवघड जागा चांगली कळते. मजकुराबाबत मात्र आमचा कौल सरकारच्या बाजूने आहे.

तरी कंपनीची ही तटस्थता सोवळी होती असे कोणी समजू नये. १८०३ साली नागपूरकर भोसल्यांकडून ओरिसा घेतल्यावर जगन्नाथपुरीचे मंदिर कंपनीच्या देखरेखीखाली आले आणि भोसले घेत तो यात्राकर १८०६ पासून कंपनी स्वतः वसूल करू लागली. १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांस परवाने मिळण्याची वाट मोकळी केली, पण त्याच कायद्याने कलकत्त्यास राजमान्य चर्चचा बिशप नेमून त्याचे वर्षाचे ५,००० पौंड हिंदुस्थानच्या महसुलावर टाकले. म्हणजे पुरीच्या यात्रेकरूकडून घ्यावे आणि बिशपास द्यावे! यात्राकर १८४० साली उठला, देवस्थानांचा कारभार १८६३ च्या कायद्याने सरकारने सोडला, आणि येथील अँग्लिकन चर्च राजसत्तेपासून विभक्त व्हावयास १९३० साल उजाडले.

कॅरी स्वतः मात्र सरकारने रूढींत हातच घालू नये, या मताचे नव्हते. गंगासागरास अर्भके अर्पण करण्याच्या चालीची त्यांनी वेलस्लींसाठी चौकशी केली आणि १८०२ साली ती चाल कायद्याने बंद झाली. सतीसाठी त्यांनी माणसे पाठवून गणती करविली. १८०३ साली कलकत्त्याभोवतीच्या तीस मैलांत ४३८ स्त्रिया सती गेल्याचे आढळले. सतीबंदीचा कायदा यावयास डिसेंबर १८२९ उजाडला. कॅरी तेव्हा सरकारचे बंगाली भाषांतरकार होते. कायद्याचा मसुदा हाती आला तो रविवार होता. उपासनेस दुसऱ्यास पाठवून, पंडितास घेऊन ते भाषांतरास बसले आणि ते त्याच दिवशी पुरे केले. एक दिवसाचा विलंब म्हणजे आणखी काही चिता, हा त्यांचा हिशेब. धर्मोपदेशकाने प्रार्थना सोडून कायदा लिहावा, हा प्रसंग आम्हांस त्यांच्या साऱ्या कोशांहून मोठा वाटतो.

१८१८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह स्थापिलेल्या श्रीरामपूर कॉलेजात कोणत्याही जातीच्या व धर्माच्या विद्यार्थ्यास प्रवेश होता. १८३० साली फोर्ट विल्यम कॉलेजातील प्राध्यापकपदे रद्द झाली आणि तीस वर्षांची चाकरी संपली. ९ जून १८३४ रोजी कॅरी श्रीरामपुरी वारले. कबरीवर आपली स्तुती असू नये, अशी त्यांची इच्छा होती. ती पाळली गेली. अंत्ययात्रेच्या दिवशी डॅनिश गव्हर्नराने वाड्यावरील निशाण अर्ध्यावर उतरविले होते.