धुंडिराज गोविंद फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर – १६ फेब्रुवारी १९४४, नाशिक) हे मराठी चित्रपटनिर्माते, दिग्दर्शक व तंत्रज्ञ होत. त्यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाते. या बिरुदामागे त्यांच्यातील यंत्रवेडा कारागीर काहीसा झाकला गेला आहे.

पूर्वायुष्य

घोटीहून ज्या त्र्यंबकेश्वराकडे रस्ता जातो, त्या क्षेत्री एका शास्त्र्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांना विल्सन महाविद्यालयात संस्कृत अध्यापनाचे काम मिळाल्याने कुटुंब मुंबईस आले. १८८५ मध्ये फाळके सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात दाखल झाले. पुढे छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील आरेखन, ठसे तयार करणे, शिळाछपाई, जादूचे प्रयोग असे अनेक उद्योग त्यांनी केले. एकाही उद्योगात ते स्थिरावले नाहीत, पण त्यांतले बहुतेक कसब पुढे कामी आले.

चित्रपटाचे प्रयोग

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहून ते या विद्येने झपाटले गेले. अहोरात्र चाललेल्या अभ्यासाने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन परतले. कुंडीत मटार पेरून, रोपाची थोडी थोडी वाढ रोज टिपत त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. हलती दृश्ये टिपण्याच्या यंत्राने त्यांनी डोळ्यांना न दिसणारी गती दाखवली. हा लघुपट पाहूनच त्यांना भांडवल मिळाले.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात प्रदर्शित झाला. कोरी फिल्म छिद्रांविना येई. ती अंधारात छिद्रित करण्याचे आणि धुण्याचे कष्टाचे काम पत्नी सरस्वतीबाईंनी केले. पहिल्या चित्रपटाच्या मानाविषयी वाद आहे, कारण दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजीच दाखवला गेला होता. मात्र त्याची फिल्म प्रक्रियेसाठी लंडनला गेली होती, तर फाळके यांची सारी प्रक्रिया दादरच्या घरात झाली. हा फरक तारखांच्या वादापेक्षा महत्त्वाचा आहे.

‘हॅकर’ हा शब्द आज सर्रास संगणकातील चोरट्यासाठी वापरला जातो. १९६० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांत मात्र यंत्रणेच्या अंतरंगात शिरून तिच्याकडून अनपेक्षित काम करून घेणाऱ्यास तो गौरवाने लावला जाई. त्या जुन्या अर्थाने फाळके यांना तो शोभतो. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हस्तगत केलेली विद्या दडवून ठेवण्याचा फाळके यांचा स्वभाव नव्हता. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा लघुपट त्यांनी काढला आणि ‘नवयुग’ मासिकात लेखमाला लिहिली.

उत्तरायुष्य

१९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्तान फिल्म कंपनी स्थापन झाली. भागीदारांशी न पटल्याने फाळके काशीस गेले व ‘रंगभूमी’ नाटक लिहून परतले. बोलपटांच्या काळात त्यांचे कसब मागे पडले. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट कोल्हापूर सिनेटोनसाठी झाला. अखेरची वर्षे नाशकात हलाखीत गेली. त्यांच्या नावाचा चित्रपट पुरस्कार भारत सरकारने १९६९ पासून सुरू केला.