सोलापूरच्या वालचंद शेठजींनी कालव्याकाठी गाव का वसवलं?

सोलापुरात ‘वालचंद’ म्हटलं की आधी कॉलेज आठवतं. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज, त्या वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्मही सोलापूरचाच, २३ नोव्हेंबर १८८२ चा. घरच्या कापसाच्या व्यापारात आणि सावकारीत ते रमले नाहीत. रेल्वेतले माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी ठेकेदारी सुरू केली. पुढे जहाजं (१९१९), विमानं (१९४०), मोटारी (१९४४). ही यादी स्पर्धा परीक्षावाल्यांना पाठ असते. त्यांनी वसवलेलं गाव मात्र एका ओळीत उरकलं जातं.

ते गाव म्हणजे वालचंदनगर. इंदापूर तालुक्यात, कळंबजवळ. नीरा नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा.

तिथे पाणी आधी आलं, ऊस नंतर. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने नीरा डावा कालवा काढला. हेतू होता ज्वारी-बाजरी वाचवण्याचा. पण गोची अशी झाली, की पाऊस बरा झाला तर पाणीपट्टी भरून पाणी घ्यायला कुणी येईना आणि दुष्काळ पडला की सगळेच मागू लागले. कालव्याचा खर्च निघेना. वर्षभर पाणी पिणारा ऊस सरकारला हवाच होता. पण उसाला खत, मजुरी, भांडवल लागतं. लहान शेतकऱ्याने ते आणायचं कुठून?

वालचंदांनी नेमकं हेच हेरलं. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावच्या माळावर त्यांनी आधी शेती करून पाहिली होती. १९३२ मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि लगोलग कळंबला साखर कारखाना उभा राहिला. आसपासच्या जमिनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेऊन सलग मळे केले. मग कामगारांची घरं, शाळा, दवाखाना, बाजार. पुढे यंत्रांचा कारखानाही आला. आज तिथे इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात, हे अनेकांना ठाऊक नसतं.

अडलं ते खंडाच्या जमिनींवर. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद गेले. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने कारखान्यांकडचे मळे सरकारने घेतले आणि शेती महामंडळाकडे सोपवले. जमीन कारखान्याची राहिली नाही, मूळ मालकाकडेही आली नाही. कालव्याचं पाणी शेजारून वाहत होतं आणि खंडकरी शेतकरी मोर्चे काढत, कोर्टात खेटे घालत होते. त्यातल्या अनेकांची जमीन घरी यायला एकविसावं शतक उजाडलं. तोवर खंडाच्या कागदावर अंगठा उठवणारी पिढी गेलेली होती.