साताऱ्यात जन्मलेला हा गोरा साहेब दिवसा मिठाचा कर बघायचा आणि घरी अळ्या पाळायचा

पावसाळा सरत आला की वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही बांधावरचं रुईचं झुडूप बघा. केशरी पंख, टोकाला काळा पट्टा आणि त्यात पांढरे ठिपके असलेलं एक फुलपाखरू तिथं अगदी निवांत उडताना दिसतं. घाई नाही, भीती नाही. इंग्रजीत त्याला प्लेन टायगर म्हणतात. आपण मोबाइल काढतो, फोटो मारतो, स्टेटसला टाकतो. विषय संपला.

पण ते प्लेन टायगरच आहे कशावरून?

कारण हुबेहूब तसंच दिसणारं दुसरं एक फुलपाखरू आपल्याकडं आहे. डॅनेड एगफ्लाय. त्यातही गंमत अशी की ही नक्कल फक्त मादी करते. नर साफ वेगळा, काळ्या पंखांवर मोठे पांढरे गोल आणि त्या गोलांच्या कडेला जांभळी झाक. नवरा-बायको शेजारी बसले तरी एकाच जातीचे आहेत यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

असं का? तर प्लेन टायगरची अळी रुईची पानं खाते. रुईचा चीक विषारी, तो आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतो. ते विष फुलपाखराच्या अंगात उतरतं, पक्ष्याने एकदा चोच मारली की पुन्हा तो त्या केशरी रंगाच्या वाटेला जात नाही. एगफ्लायची अळी मात्र घोळ खाते, म्हणजे आपण जिची भाजी करतो तीच घोळ. अंगात विष नाही. मग मादी टायगरचं सोंग घेते आणि पक्ष्याला फसवते. गावात येणारा बहुरूपी पोलिसाचा ड्रेस घालून दरडावतो, तसाच हा प्रकार.

दोघांना ओळखायची एक खूण सांगून ठेवतो म्हणजे पुढच्या वेळी कामी येईल. मागचा पंख बघा. मधोमध तीन-चार काळे ठिपके असतील तर प्लेन टायगर. पंखाच्या वरच्या कडेला एकच ठिपका असेल तर एगफ्लायची मादी.

ही जोडी फक्त आपली नाही, पार आफ्रिकेपर्यंत ती सोबत सापडते. आफ्रिकेच्या काही भागांत टायगरचा रंग बदलतो, तर एगफ्लायच्या माद्यांमध्येही त्याला जुळणारे रंग दिसतात.

आता प्रश्न असा की जे फुलपाखरू दिसतं एक आणि असतं दुसरंच, त्याला कुठल्या जातीत बसवायचं? दिडशे वर्षांपूर्वी भल्याभल्यांची यात दांडी उडाली होती. आणि उत्तर शोधायचा जो एकमेव भरवशाचा रस्ता होता, तो आपल्या भागात चालून दाखवणाऱ्यांमध्ये एक माणूस होता एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. पुस्तकांवर नाव फक्त आद्याक्षरांत, ईएचए.

एटकिन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ चा, साताऱ्याचा. वडील स्कॉटलंडच्या चर्चचे मिशनरी. सुरुवातीचं शिक्षण घरी वडिलांकडंच झालं, पुढचं मुंबई-पुण्यात. मुंबई विद्यापीठाची बीए आणि एमए केली. १८७० ते १८७६ अशी सहा वर्षं ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवत होते. म्हणजे विलायतेहून बोटीनं आलेला हा साहेब नव्हता, इथंच जन्मून इथंच शिकलेला होता.

१८७६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कॉलेज सोडलं आणि मुंबई इलाख्याच्या कस्टम्स आणि मीठ खात्यात नोकरी धरली.

मीठ खातं म्हणजे काय ते आज पटकन कळत नाही. तेव्हा मिठावर सरकारचा कर होता आणि तो चुकवून कुणी मीठ बनवू नये, विकू नये म्हणून आगरांवर आणि सरहद्दीवर पहारे असायचे. याच कराविरुद्ध १९३० मध्ये गांधीजी दांडीला गेले आणि आपल्या कोकणात शिरोड्याला सत्याग्रह झाला. एटकिन त्या पहारेवाल्या बाजूचे. हे विसरून त्यांची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

नोकरीत त्यांना कच्छच्या छोट्या रणाजवळचं खाराघोडा मिळालं, उरण मिळालं, रत्नागिरी मिळालं, कारवार आणि गोव्याची हद्द मिळाली. खाराघोड्यात मीठ आणि धूळ सोडून काही नाही. दुसरा कुणी असता तर बदलीचे अर्ज लिहीत बसला असता. एटकिन बंगल्यातले उंदीर, पाली, मुंग्या, बेडूक बघत बसले. त्यातून १८८३ मध्ये 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक आलं. नाव वाचून वाटतं की सरहद्दीवरच्या लढाऊ टोळ्यांची गोष्ट असेल. प्रत्यक्षात टोळ्या म्हणजे हेच घरातले प्राणी. पुस्तक प्रचंड चाललं आणि मिठाच्या खात्यातला हा माणूस इंग्रजी वाचणाऱ्या घराघरांत माहीत झाला.

१८८९ मध्ये 'बिहाइंड द बंगलो' आलं. ते बंगल्यावरच्या नोकरचाकरांवर आहे. भाषा खुसखुशीत असली तरी आज वाचताना खटकतं. पालीकडं बघताना दाखवलेली आपुलकी आचाऱ्याकडं आणि हमालाकडं बघताना पातळ होते. हाही त्याच माणसाचा भाग.

१८८३ हे वर्ष आणखी एका कारणानं महत्त्वाचं. १५ सप्टेंबरला भायखळ्याच्या व्हिक्टोरिया म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली. सहा गोरे आणि दोन मराठी डॉक्टर. एक प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग, दुसरे सखाराम अर्जुन, रखमाबाईंचे सावत्र वडील. संस्थेचे पहिले मानद सचिव झाले एटकिन. १८८६ पर्यंत ते काम त्यांनी बघितलं, त्याच वर्षी संस्थेचं जर्नल निघालं आणि त्याच्या पहिल्या संपादकांतही ते होते. संस्थेकडं जमलेल्या फुलपाखरांची यादी त्यांनीच करून छापली.

यादी करणं ऐकायला सोपं आहे. पण इथंच सोंग घेणाऱ्यांनी गोंधळ घालून ठेवला होता.

आज ज्याला कॉमन मॉरमन म्हणतात ते फुलपाखरू घ्या. कढीपत्त्यावर, लिंबावर याच्या अळ्या असतात, तुमच्या परसातही असतील. नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादी मात्र तीन रूपांत येते. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझ या विषारी फुलपाखरासारखी आणि तिसरी क्रिमझन रोझसारखी. सगळ्या सजीवांना नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये यातल्या नराला एक नाव दिलं आणि मादीला वेगळंच. कॉमन माइमचंही तेच. त्याची दोन रूपं आहेत, लिनियसनं त्यांच्या दोन जाती करून टाकल्या.

खोक्यात टाचणीला टोचलेली फुलपाखरं समोर असली की माणूस रंग बघूनच वाटणी करणार. त्यात लिनियसचा तरी काय दोष?

आफ्रिकेत याहून मोठा घोळ होता. तिथल्या जंगलात एक पिवळं, शेपटीवालं फुलपाखरू फिरायचं आणि त्याच्या माद्याच कुणाला सापडत नव्हत्या. त्याच जंगलात काळी-पांढरी, काळी-केशरी, शेपटी नसलेली वेगवेगळी फुलपाखरं होती. त्यांना वेगळ्या जातींची नावं दिलेली होती. केपटाऊनला राहणाऱ्या रोलंड ट्रायमन यांनी १८६९ मध्ये छापलेल्या निबंधात सांगितलं की या सगळ्या त्या पिवळ्या नराच्याच माद्या आहेत, प्रत्येक जण तिथल्या वेगळ्या विषारी फुलपाखराचं सोंग घेते. पुरावा म्हणून त्यांनी मादागास्करकडं बोट दाखवलं. तिथं जवळपास तेच फुलपाखरू आहे, पण मादी नरासारखीच पिवळी आणि शेपटीवाली. लंडनच्या जाणकारांना हे पचलं नाही. शेवटी दक्षिण आफ्रिकेत अंड्यांपासून अळ्या वाढवल्या गेल्या आणि एकाच आईच्या पोटी नर आणि ही वेगवेगळी वाटणारी रूपं निघाली. वाद मिटला.

म्हणजे पंख खोटं बोलू शकतात, अंडं बोलत नाही. हाच तो भरवशाचा रस्ता.

आता कारवारला या. तेव्हा उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. योगायोग बघा, तिथं तीन माणसं एकत्र आली. कलेक्टर जेम्स डेव्हिडसन, जंगल खात्यातले टी. आर. बेल आणि मीठ खात्यातले एटकिन. तिघांनाही एकच नाद, अळ्या पाळायचा.

अळ्या पाळणं हा काही आरामाचा छंद नाही. आधी अंडं किंवा अळी शोधायची. ती ज्या झाडावर मिळाली तेच झाड लागतं, दुसऱ्या पानाला ती तोंड लावत नाही, उपाशी मरते. रोज ताजी पानं आणा, विष्ठा साफ करा, कोकणच्या दमट हवेत बुरशीपासून जपा. एवढं करून कोष झाला तरी कधीकधी त्यातून फुलपाखराऐवजी माशी निघते, कारण तिनं आधीच अळीच्या अंगात अंडी घालून ठेवलेली असतात. मग परत पहिल्यापासून.

डेव्हिडसन आणि एटकिन यांनी १८९० मध्ये मुंबई इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या आणि कोषांवर पहिला निबंध छापला. नंतर तिघांनी मिळून उत्तर कानड्याच्या फुलपाखरांवर मोठी लेखमाला केली, ती १८९६ पासून जर्नलमध्ये आली. कोणती अळी कुठलं झाड खाते, दिसते कशी, कोष कुठं आणि कसा लटकवते, हे एकेका जातीचं लिहून ठेवलेलं. त्या जंगलात सोंगाड्यांची कमी नव्हतीच. माडाच्या पानावर वाढणारी पामफ्लाय, जिची मादी टायगरसारखी दिसते. कावळ्यासारख्या काळपट क्रो फुलपाखरांची नक्कल करणारं मलबार रेव्हन, जे सह्याद्री पट्टा सोडून कुठं सापडत नाही. आणि तो माइम. माइमचं एक रूप क्रोसारखं, दुसरं ब्लू टायगरसारखं, पण अळी दोघांची एकच आणि कोष दोघांचाही तुटक्या काटकीसारखा. लिनियससमोर ही अळी असती तर दोन जाती झाल्या नसत्या.

या कामाचा आणखी एक फायदा. झाड कळलं की फुलपाखरू कुठं मिळेल तेही कळतं. रुई आफ्रिकेपासून वाशिमपर्यंतच्या कोरड्या मुलखात तग धरते म्हणून प्लेन टायगर तिथं आहे. घोळ तर शेतात न लावता उगवते, म्हणून सोंग घेणारी एगफ्लायही तिथवर पोचली. मलबार रेव्हनचं झाड ओल्या जंगलातलं, तो विदर्भात दिसायचा नाही.

गोव्याच्या हद्दीवरची नोकरी तशी सुखाची नव्हती. मलेरियानं कस्टमच्या चौक्यांवरची माणसं आजारी पडायची. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये डास आणि मलेरियाचा संबंध दाखवला आणि काही वर्षांनी सरकारनं या चौक्यांच्या तपासाचं काम एटकिन यांच्यावर टाकलं. तिथं त्यांना ॲनोफिलीस डासाची एक नवी जात मिळाली. तिला त्यांचंच नाव दिलं गेलं, ॲनोफिलीस एटकेनाय.

१९०३ मध्ये कॉम्बर यांच्यासोबत कोकणातल्या फुलपाखरांची यादी छापून झाली आणि त्याच वर्षी त्यांची कराचीला बदली झाली. तिथं सिंध प्रांताचं गॅझेटियर त्यांनी केलं. १९०६ मध्ये निवृत्त होऊन ते स्कॉटलंडला गेले आणि १९०९ मध्ये एडिनबरात वारले.

मॉरमनच्या तीन माद्यांचं उत्तर अंड्याच्याही आत कुठं लपलंय ते कळायला २०१४ उजाडलं. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की डबलसेक्स नावाचा एकच जीन मादीचं रूप ठरवतो. कुंटे आपले मराठी, बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये काम करणारे.

कारवारच्या तिघांपैकी बेल मात्र परत गेले नाहीत. एटकिन गेले त्याच १९०९ मध्ये जर्नलमध्ये बेल यांची भारतातल्या मैदानी फुलपाखरांवरची लेखमाला सुरू झाली आणि अनेक वर्षं चालत राहिली. निवृत्तीनंतरही ते कारवारलाच राहिले, १९४८ मध्ये तिथंच वारले.