पदके चित्रांची, स्वर वसंतरावांचे

आमच्या शाळेचा दिवस प्रार्थनेने सुरू होतो, आणि आठवड्यातून दोन दिवस तरी ती प्रार्थना 'दो आँखे बारह हाथ' ह्या चित्रपटातील असते. एके सकाळी प्रार्थना आटोपल्यावर आम्ही मुलांना सहज विचारले की, ही चाल कोणी बांधली? पुष्कळ हात वर झाले. बहुतेकांनी लताबाई मंगेशकरांचे नाव सांगितले, एकदोघांनी शांतारामबापूंचे. संगीतकाराचे नाव एकाच्याही तोंडून आले नाही. मुलांना दोष देण्याचे कारण नाही. शिक्षकांच्या खोलीतही त्या दिवशी फार निराळे उत्तर मिळाले नसते. म्हणून ह्या वार्षिक अंकासाठी आम्ही वसंत देसाई ह्यांचे चरित्र निवडले.

वसंत कृष्ण देसाई ह्यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी त्या वेळच्या सावंतवाडी संस्थानातील सोनवडे गावी झाला. बालपण कुडाळच्या परिसरात गेले. गोव्याहून पत्रादेवी ओलांडून बांदा, सावंतवाडी मागे टाकले की कुडाळ येते. म्हणजे आम्हां कोकणीभाषकांना हा गृहस्थ अगदी शेजारघरचा. दशावतारी खेळ, देवळातील भजने, शिमग्याचा ढोल ह्यांनी भरलेला हा मुलूख आहे. ज्याच्या कानात लय आहे अशा मुलाला येथे वेगळी पाठशाळा शोधावी लागत नाही.

१९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि सतरा वर्षांचा वसंत तिच्या दारात जाऊन उभा राहिला. पडेल ते काम करावयाचे, हीच तेथील पहिली इयत्ता होती. १९३० सालच्या 'खुनी खंजर' ह्या मूकपटात तो दिसला. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट निघाला, त्यात त्याने गाणेही म्हटले. पण तरुणाचे मन रमले ते वाद्यांच्या खोलीत. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्तर कृष्णराव ह्या तिघांच्या हाताखाली त्याने काम केले. एक नाट्यसंगीतात मुरलेला, दुसरा भावगीताचा मर्मज्ञ, तिसरा भास्करबुवा बखल्यांच्या तालमीत तयार झालेला गवई. असे तीन गुरू एकाच कारखान्यात लाभणे हा योग मोठा खरा. परंतु त्यासाठी दहा-बारा वर्षे दुय्यम राहण्याची तयारी असावी लागते, ती वसंतरावांची होती.

१९४२ साली शांतारामबापूंनी प्रभात सोडून मुंबईस राजकमल कलामंदिर काढले, तेव्हा वसंतराव त्यांच्याबरोबर गेले. राजकमलचा पहिला चित्रपट 'शकुंतला' १९४३ मध्ये पडद्यावर आला आणि मुंबईच्या स्वस्तिक चित्रगृहात १०४ आठवडे चालला. पुढे 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', 'लोकशाहीर रामजोशी', 'अमर भूपाळी' अशी एकामागून एक चित्रे आली. 'अमर भूपाळी'तील होनाजीच्या भूपाळीला पंडितराव नगरकर आणि लताबाई ह्यांचा आवाज लाभला, आणि ती घराघरांतील पहाटेचे गाणे होऊन बसली. १९५२ साली हा चित्रपट फ्रान्समधील कान येथील महोत्सवाच्या स्पर्धेत दाखविण्यात आला.

आता पदकांची गोष्ट. स्वतंत्र भारताच्या सरकारने चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केले, ते प्रथम १९५४ मध्ये देण्यात आले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिलेवहिले राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ते आचार्य अत्रे ह्यांच्या 'श्यामची आई' ह्या मराठी चित्राला. साने गुरुजींची कथा, अत्र्यांचे दिग्दर्शन आणि संगीत वसंत देसाई ह्यांचे. ह्याच चित्रातील मास्तरांच्या छडीचे गाणे आजही मुले आमच्या पाठीमागे गुणगुणतात. त्याबद्दल वसंतरावांविरुद्ध आमच्या धंद्याची एक तक्रार आहे, पण ती येथे नको.

दुसऱ्या वर्षी आला 'झनक झनक पायल बाजे'. नृत्याचेच चित्र ते. त्यात संगीत मागे पडले असते तर सारा डोलारा कोसळला असता. शीर्षकगीतासाठी वसंतरावांनी उस्ताद अमीर खाँसाहेबांना आणले. पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मांचे संतूर वाजविले. त्या काळी हे काश्मिरी वाद्य बाहेर फारसे कोणाला ठाऊकही नव्हते. चित्राला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. १९५७ सालच्या फिल्मफेअर समारंभात उत्कृष्ट चित्रपट, उत्कृष्ट दिग्दर्शक, इतकेच काय, ध्वनिलेखनाचाही मान ह्याच चित्राकडे गेला. संगीताचा मान मात्र शंकर-जयकिशन ह्यांच्या 'चोरी चोरी'ला मिळाला. म्हणजे ज्याने ते स्वर टिपून घेतले त्याचा सत्कार झाला. ज्याने ते निर्माण केले तो टाळ्या वाजविणाऱ्यांत राहिला! शंकर-जयकिशन लहान होते असे आमचे म्हणणे नाही. पण नर्तकाला बक्षीस देताना पायांना वगळावे तसे काहीसे आम्हांला हे वाटते.

१९५७ सालच्या 'दो आँखे बारह हाथ' ह्या चित्राच्या कथेला आधार होता औंध संस्थानातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा. तेथे कैद्यांना भिंतींशिवाय, विश्वासावर ठेवण्याचा प्रयोग झाला होता. चित्रीकरणात बैलाशी झुंजताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना जबर इजा झाली. ह्या चित्राला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले, आणि पुढे अमेरिकेतील गोल्डन ग्लोबच्या समारंभात सॅम्युअल गोल्डविन पुरस्कारही मिळाला. ह्या चित्रात सहा खुनी कैदी आहेत, आणि त्यांच्या मनाला पालवी फुटते ती बऱ्याच अंशी त्या प्रार्थनेने. भरत व्यासांच्या शब्दांना वसंतरावांनी जी चाल दिली तीत गवयाचे प्रदर्शन नाही. ज्याचा गळा तयार नाही, ज्याला तानेचा अर्थ ठाऊक नाही, अशा माणसानेही ती म्हणावी आणि म्हणताना ओशाळू नये, अशा बेताने ती बसविली आहे. अमीर खाँसाहेबांसाठी अडाण्यासारखा राग योजणाऱ्याने इतके साधे लिहावे, ह्यातच त्यांचे सामर्थ्य आम्हांला दिसते. कठीण चाल बांधणारे पुष्कळ असतात. दोनशे मुलांनी, त्यांतल्या पन्नास बेसुऱ्यांसह म्हटली तरी न मोडणारी चाल बांधणारा विरळा. हे आम्ही रोज सकाळी अनुभवाने सांगतो.

वाचकांच्या मनात प्रश्न येईल की, सरकारी पदकांच्या यादीत तरी संगीतकाराचे नाव का नव्हते? त्याचे कारण सोपे आहे. आरंभीच्या त्या वर्षांत पदके चित्रांना असत आणि ती निर्माता व दिग्दर्शक ह्यांच्या हाती जात. संगीतासाठी वेगळा राष्ट्रीय पुरस्कार १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला. पहिला मान तमिळ चित्रपटाचे संगीतकार के. व्ही. महादेवन ह्यांना मिळाला. वसंतरावांची मोठमोठी चित्रे तोवर होऊन गेली होती. १९६८ सालच्या 'आशीर्वाद'चे संगीत त्यांचेच. त्यातील आगगाडीचे गाणे अशोककुमारांनी स्वतः म्हटले आहे आणि ते ऐकून न हसणारे मूल आम्ही अद्याप पाहिलेले नाही. त्या चित्राला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा आणि अशोककुमारांना उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. संगीताचा त्या वर्षीचा पुरस्कार 'सरस्वतीचंद्र'साठी कल्याणजी-आनंदजींकडे गेला. फिल्मफेअरची ती काळी बाहुली तर वसंतरावांच्या हाती कधीच आली नाही. 'गूँज उठी शहनाई'साठीही नाही, ज्यात त्यांनी प्रत्यक्ष बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई वाजविली होती.

ह्या सर्व काळात ते मनातून खट्टू झाले असतील काय? त्यांचे काम पाहता तसे दिसत नाही. राजकमलचा 'नवरंग' सी. रामचंद्रांकडे गेला, तरी काही वर्षांनी शांतारामबापूंच्या 'लडकी सह्याद्री की' ह्या चित्रासाठी वसंतराव परत आले आणि पंडित जसराजांकडून त्यांनी चित्रपटात गाऊन घेतले. मराठी रंगभूमीसाठी 'पंडितराज जगन्नाथ', 'जय जय गौरीशंकर' ह्या नाटकांची पदे त्यांनी बांधली. 'छोटा जवान'मधील माडगूळकरांचे समरगीत त्यांच्या चालीवर शाळाशाळांतून दुमदुमले. शाळकरी मुलांच्या मोठमोठ्या समूहांना देशगीते एका सुरात म्हणावयास शिकविण्याचा त्यांना विशेष नाद होता.

एक सन्मान असा आहे की, त्याला पदक नाही आणि प्रमाणपत्रही नाही. २३ ऑक्टोबर १९६६ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या सभागृहात श्रीमती एम. एस. सुब्बुलक्ष्मी ह्यांचे गायन झाले. त्या वेळी त्यांनी कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेले संस्कृत शांतिगीत म्हटले. दक्षिणेतील आचार्यांचे शब्द, दक्षिणेतीलच गायिका, आणि चाल कुडाळच्या वसंत देसायांची! आमच्या मते बर्लिनच्या अस्वलापेक्षा हा मान मोठा आहे. कोणाचे मत निराळे असल्यास आम्ही वाद घालणार नाही.

१९७१ साली 'गुड्डी' आला. वाणी जयराम ह्यांचा आवाज हिंदी चित्रपटात त्यांनी प्रथम आणला आणि त्यांच्याकडून मियाँमल्हारातले गाणे म्हणवून घेतले. ह्याच चित्राच्या आरंभी एका शाळेतील प्रार्थना आहे. पडद्यावरील ती प्रार्थना पडद्याबाहेरच्या खऱ्या शाळांनी उचलली. म्हणजे ह्या एकाच माणसाच्या दोन चाली देशभरच्या शाळांतून म्हटल्या जाऊ लागल्या.

२२ डिसेंबर १९७५ रोजी दिवसभराचे ध्वनिमुद्रण आटोपून वसंतराव मुंबईतील आपल्या घरी परतले. इमारतीच्या लिफ्टमध्ये अपघात होऊन तेथेच त्यांचा अंत झाला. वय अवघे ६३ वर्षांचे. त्यांच्या संगीताचा 'शक' हा चित्रपट त्यानंतर १९७६ साली प्रदर्शित झाला.

आमच्या प्रार्थनेच्या फळ्यावर दिनांक आणि सुविचार लिहिण्याची प्रथा आहे. ह्या सत्रापासून त्याखाली प्रार्थनेच्या कवीचे व संगीतकाराचे नाव लिहावयाचे, असे आठवीच्या मुलांनी ठरविले आहे. पहिल्याच दिवशी एका मुलाने 'देसाई' ऐवजी 'देसाय' लिहिले, जसे आमच्याकडे बोलतात. आम्ही ते पुसले नाही.