पाणी धरून ठेवणारे प्लॅस्टिक : ओटो विख्तर्ले

सकाळी आरशासमोर उभे राहून डोळ्यांत मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बसवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ओटो विख्तर्ले हे नाव ठाऊक असते. खरे तर लेन्स हे त्यांचे मूळ उद्दिष्टच नव्हते. जिवंत शरीरात बसवता येईल, शरीराला परका वाटणार नाही आणि तरीही फाटणार नाही, असा पदार्थ या झेक रसायनशास्त्रज्ञाला हवा होता.

विख्तर्ले यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९१३ रोजी मोराव्हियातील प्रोस्त्येयोव येथे झाला. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. वडील शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याचे भागीदार. मुलाने मात्र कारखान्याऐवजी प्रागमध्ये रसायनशास्त्राचा अभ्यास पत्करला. १९३९ च्या नोव्हेंबरात नाझी राजवटीने झेक विद्यापीठांना टाळे ठोकले, तेव्हा झ्लीन येथील बाटा कंपनीच्या संशोधनशाळेने त्यांना आसरा दिला. आपल्याकडे घरोघरी पायांत असलेली बाटा ती हीच. तेथे १९४१ मध्ये त्यांच्या गटाने पॉलिअमाइडपासून धागा काढण्याची रीत बसवली आणि त्यातून पुढे सिलॉन हा चेकोस्लोव्हाकियाचा पहिला कृत्रिम धागा आला. १९४२ मध्ये गेस्टापोने त्यांना काही महिने तुरुंगात ठेवले. युद्ध संपल्यावर ते अध्यापनाकडे परतले आणि १९५२ मध्ये प्रागच्या नव्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत अधिष्ठाता झाले.

त्याच वर्षी आगगाडीत आरोग्य मंत्रालयातील एका अधिकाऱ्याशी त्यांची गाठ पडली. तो गृहस्थ डोळ्यात बसवायच्या टँटलम धातूच्या रोपणाविषयीचा लेख वाचत होता. शरीराला धातूपेक्षा योग्य घडणीचे प्लॅस्टिक अधिक मानवेल, असे विख्तर्ले यांना वाटले आणि गप्पांचा विषय तेथून प्रयोगशाळेत पोहोचला. त्यांचे सहकारी द्राहोस्लाव लीम यांच्यासह त्यांनी हायड्रॉक्सीइथाइल मेथाक्रिलेट या रसायनाचे बहुवारिक तयार केले. त्याच्या साखळ्यांवर ठिकठिकाणी पाण्याला ओढून घेणारे गट असतात आणि साखळ्या एकमेकींना मोजक्या जागी बांधलेल्या असतात. त्यामुळे पदार्थ पाण्यात फुगतो, पण विरघळत नाही. सुमारे ४० टक्के पाणी पोटात घेऊनही तो काचेसारखा पारदर्शक राहतो आणि बोटांनी दाबला तर पुन्हा आपल्या आकारावर येतो. या जेलचा जैविक वापर कसा करता येईल, हे सांगणारा दोघांचा निबंध १९६० मध्ये नेचर नियतकालिकात छापून आला. आजच्या ऊतक अभियांत्रिकीतील हायड्रोजेलची वंशावळ मागे नेऊ लागले की बहुतेक वेळा याच निबंधापाशी येऊन थांबावे लागते.

या पदार्थाची खरी अडचण मात्र त्याच्या गुणातच दडलेली होती. घट्ट जेलमधली पाण्याची वाट इतकी अरुंद असते की क्षार, साखर आणि विरघळलेला प्राणवायू यांचे सूक्ष्म रेणू तिच्यातून जातात, पण जिवंत पेशीला आत शिरता येत नाही. बहुवारिक बनतानाच पाण्याचे प्रमाण वाढवत नेले, तर एका मर्यादेनंतर जादा पाणी जेलमध्ये मावत नाही, वेगळे होते आणि पदार्थ पांढराफटक, स्पंजासारखा बनतो. त्याची छिद्रे एकमेकांना जोडलेली असली की त्यांत पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या वाढू शकतात. पण मग बळकटी जाते, स्पंज सहज फाटतो, टाकाही नीट धरत नाही. कृत्रिम नेत्रपटलाच्या एका प्रसिद्ध रचनेत पुढे यावर सुरेख तोड निघाली. मधोमध पारदर्शक जेल, कडेला त्याच रसायनाचा सच्छिद्र स्पंज. रुग्णाची ऊती कडेच्या स्पंजात शिरून रोपण जागेवर धरून ठेवते. बळकट आणि सच्छिद्र हे दोन्ही गुण एकाच तुकड्यात आणण्याची खटपट प्रयोगशाळांतून अजून चालूच आहे.

विख्तर्ले यांच्यापुढे बळकटीचा प्रश्न लेन्सच्या कडेवर उभा राहिला. १९५७ मध्ये बंद साच्यांत शंभरेक लेन्स ओतून पाहिल्या. साच्यातून काढताना त्यांच्या कडा फाटत. त्यातच १९५८ मध्ये राजकीय शुद्धीकरणाच्या लाटेत त्यांना रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतून काढण्यात आले. नंतर विज्ञान अकादमीच्या नव्या स्थूलरेणू रसायन संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली खरी, पण तिची इमारत पुरी झाली नव्हती. प्रयोग घरीच करावे लागले.

१९६१ च्या नाताळात स्वयंपाकघरातील टेबलावर त्यांनी मुलांच्या मेर्कुर या मेकॅनोसारख्या खेळण्याचे सुटे भाग, सायकलचा डायनॅमो आणि दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर जोडून एक यंत्र उभे केले. उघड्या साच्यात रसायनाचा थेंब टाकायचा आणि साचा फिरवायचा. फिरताना द्रव कडेकडे पसरतो, मधोमध खोलगट होतो आणि त्याच आकारात घट्ट होतो. कड आपोआप पातळ आणि गुळगुळीत येते, साच्याचा दुसरा भाग लागतच नाही. म्हणजे फाटण्याचे कारणच उरत नाही. त्या दिवशी चार लेन्स तयार झाल्या. डायनॅमोची ताकद अपुरी पडली, तेव्हा ग्रामोफोनची मोटर आली. पुढच्या चार महिन्यांत विख्तर्ले आणि पत्नी लिंडा यांनी घरच्या घरी सुमारे ५,५०० लेन्स घडवल्या. एवढा पसारा स्वयंपाकघरात सोसणाऱ्या लिंडाबाईंचा या शोधातला वाटा चरित्रकारांनी फारसा मोजलेला दिसत नाही.

शोधाचे हक्क अर्थातच सरकारी अकादमीचे. अमेरिकी कंपनीशी करार झाला, तिच्याकडून हक्क बॉश अँड लॉम्ब या कंपनीकडे गेले आणि १९७१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या लेन्सना परवानगी दिली. तेथून पुढे उभ्या राहिलेल्या व्यापाराच्या मानाने शोधकाच्या हाती आलेली रक्कम नगण्य होती. परवानगी मिळाली तेव्हा विख्तर्ले स्वतः संचालकपदावर नव्हते. १९६८ च्या प्राग वसंतात सुधारणांची मागणी करणाऱ्या दोन हजार शब्द या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली होती. सोव्हिएत रणगाडे आल्यानंतर त्या सहीची किंमत त्यांना पदाने मोजावी लागली.

१९८९ मध्ये राजवट कोसळली आणि ७६ व्या वर्षी त्यांचा वनवास संपला. १९९० मध्ये ज्या अकादमीने त्यांना बाजूला सारले होते, तिच्याच अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. १९९३ मध्ये ३८९९ क्रमांकाच्या लघुग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले. १८ ऑगस्ट १९९८ रोजी मोराव्हियातील स्त्राझिस्को येथे, आपल्या उन्हाळी घरी, विख्तर्ले यांचे निधन झाले.